छोट्या संगणकात ग्राफिक्स कार्ड : खरेदीपूर्वीचा विचार

बँका, विमा कंपन्या आणि मोठी कार्यालये आपले संगणक काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. बाजूला काढलेले संगणक साफसूफ व दुरुस्त होऊन बाजारात येतात आणि नव्या संगणकाच्या तुलनेत अल्प किमतीत मिळतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर ही नावे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत कोणत्याही जुन्या संगणकांच्या दुकानात आढळतात. आपल्या विद्यालयाच्या कितीतरी पालकांच्या घरी पहिला संगणक आला तो याच वाटेने.

संगणक घरी आल्यावर काही महिने सुरळीत जातात. मग मुलगी पॉलिटेक्निकला जाते, यंत्राचे त्रिमितीय आराखडे काढू लागते, मुलगा व्हिडिओ संपादन शिकू लागतो, आणि घरात एक मागणी पुढे येते : "यात ग्राफिक्स कार्ड टाकावे लागेल." ही मागणी कधी रास्त असते, कधी नसते. पालकांना त्यातला भेद कळण्याचे साधन नसते. दुकानदार सांगेल ते घेतले जाते. कार्ड पेटीत मावत नाही, किंवा मावते पण संगणक चालू होत नाही, किंवा चालू होतो पण काम पूर्वीइतकेच संथ राहते. अशा वेळी केवळ पैसा जात नाही. "हे आपल्याला जमणारे नव्हे" असा ग्रह घरात बसतो, आणि तो ग्रह पैशाहून महाग पडतो. म्हणूनच हा विषय स्मरणिकेत मांडणे आम्हांस आवश्यक वाटले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ग्राफिक्स कार्ड ही स्वतंत्र वस्तू नव्हे. तथागतांनी सांगितलेल्या प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे हे असेल तर ते घडते या कार्यकारणभावाची, ओळख आपल्या विद्यार्थ्यांना शालेय वयातच होते. संगणकाची पेटी हे त्या विचाराचे एक साधे उदाहरण मानता येईल. कार्डाचे काम विजेवर, जागेवर, हवेवर, मॉनिटरच्या जोडणीवर आणि शेजारच्या प्रोसेसरवर अवलंबून असते. या साऱ्या कारणांची चौकशी आधी करावी, कार्ड शेवटी घ्यावे.

कार्ड नेमके काय करते

सर्वसाधारण मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने दाखवले जाते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग पडद्यावर पोहोचवावे लागतात. त्रिमितीय चित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाश, सावली आणि अंतर यांचे गणितही करावे लागते. यातील एकेक गणित सोपे असते, परंतु त्यांची संख्या अफाट असते.

वर्गाचे उदाहरण घेऊ. एक अवघड प्रमेय सोडवायचे असेल तर निष्णात शिक्षक हवा. परंतु दोन हजार सोप्या बेरजा करायच्या असतील तर त्या एकट्या शिक्षकाने करण्यापेक्षा साऱ्या शाळेत वाटून देणे शहाणपणाचे. प्रोसेसर हा त्या शिक्षकासारखा आहे. कार्यालयीन संगणकातील आय-५ प्रोसेसरमध्ये बहुधा चार किंवा सहा समर्थ गाभे असतात. ग्राफिक्स कार्ड हे शाळेसारखे आहे. २०१६ साली आलेल्या जीटीएक्स १०५० टीआय या साध्या कार्डातही ७६८ लहान गाभे आहेत.

कार्यालयीन संगणकात वेगळे कार्ड नसले तरी चित्र दिसते, कारण प्रोसेसरच्या पोटातच एक लहानसा ग्राफिक्स विभाग असतो. पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट आणि ऑनलाइन वर्ग यांसाठी तो पुरेसा आहे. त्याची अडचण अशी की त्याला स्वतःची स्मृती नसते. तो मुख्य रॅममधून उसनी घेतो. वेगळ्या कार्डावर मात्र स्वतःची, अधिक वेगवान स्मृती असते. कार्डाचा खरा लाभ या दोन गोष्टींत आहे : अनेक गाभे आणि स्वतंत्र स्मृती.

आधी मोजावे, मग ठरवावे

केसमुत्ती गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आपण जाणतो. परंपरेने आले, कोणी मोठ्याने सांगितले, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. स्वतः पारखून घ्यावे. संगणक संथ का चालतो याबाबतही हाच मार्ग उपयोगी आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची खिडकी असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. जे काम संथ वाटते ते चालू ठेवून या खिडकीतील 'परफॉर्मन्स' विभाग पाहावा. डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांवर असेल तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी बसवावी. मेमरी भरून गेली असेल तर रॅम वाढवावी. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि ग्राफिक्स मोकळे असेल तर कार्डाने बहुधा फारसा फरक पडणार नाही. डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर मोकळे असून ग्राफिक्सचा आकडाच शिगेला पोहोचला असेल तेव्हाच कार्डाची मागणी रास्त ठरते. सॉफ्टवेअरनेच वेगळे कार्ड आवश्यक म्हणून सांगितले असेल, तरीही ती रास्त मानावी.

रॅमविषयी एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या संगणकात पुष्कळदा रॅमची एकच पट्टी असते. १६०० वेगाच्या डीडीआर-३ रॅमची एक पट्टी सेकंदाला १२.८ गिगाबाइट माहितीची ने-आण करू शकते. तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली तर दोन मार्ग एकाच वेळी चालतात आणि हा आकडा २५.६ वर जातो. पोटातील ग्राफिक्स विभाग रॅमवरच जगत असल्याने त्याला याचा थेट लाभ होतो. म्हणून एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी या दोन गोष्टी झाल्यावाचून कार्डाचा विचार करू नये, असे आम्ही पालकांना सांगतो. कित्येकदा मागणी तेथेच संपते.

पेटीच्या मर्यादा

मागणी तरीही उरली तर पेटी उघडून चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट जागा. छोट्या कार्यालयीन कॅबिनेटमध्ये, ज्याला स्मॉल फॉर्म फॅक्टर किंवा एसएफएफ म्हणतात, पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. पूर्ण उंचीच्या कार्डाची पाटी सुमारे १११ मिलिमीटर उंच असते. लो-प्रोफाइल कार्डाची सुमारे ६९ मिलिमीटर. येथे लो-प्रोफाइल कार्डच लागते आणि त्यासोबत आखूड ब्रॅकेटही लागते. जुने कार्ड घेताना ही आखूड ब्रॅकेट डब्यात आहे की नाही, हे पाहण्यास विसरू नये. ती मागाहून मिळवणे त्रासाचे असते. कार्डाची जाडीही पाहावी. काही पेट्यांत मोठा स्लॉट वीजपुरवठ्याच्या डब्याला अगदी लागून असतो, तेथे दोन स्लॉटची जागा घेणारे कार्ड बसत नाही. कार्डाची लांबी हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडते का, हे पट्टीने मोजावे. पुस्तकाएवढ्या अतिलहान, मिनी किंवा मायक्रो म्हणवल्या जाणाऱ्या संगणकांत तर बहुधा असा स्लॉटच नसतो. त्यांच्या बाबतीत हा विचार सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट वीज. पेटीतील एसएमपीएसवर त्याची क्षमता वॉटमध्ये छापलेली असते. ऑप्टिप्लेक्स ९०२०च्या छोट्या पेटीत ती २५५ वॉट आहे, तर नंतर आलेल्या ७०५०च्या छोट्या पेटीत १८० वॉट. म्हणजे नवा संगणक अधिक वीज देईलच असे नाही. मदरबोर्डवरील मोठा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट प्रमाणानुसार कार्डाला अधिकाधिक ७५ वॉट देऊ शकतो. काही छोट्या संगणकांत निर्मात्याने ही मर्यादा आणखी खाली ठेवलेली असते. त्या मॉडेलचे मॅन्युअल निर्मात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, ते वाचावे. याहून अधिक वीज मागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार जोडावी लागते, आणि कार्यालयीन संगणकात ती तार बहुधा नसते. एसएमपीएस बदलू म्हटले तर अनेक मॉडेलमध्ये त्याचा आकार आणि जोडणी त्या कंपनीची खास असते, बाजारातील सर्वसाधारण एसएमपीएस तेथे चालत नाही.

हिशेब करून पाहू. ९०२० मध्ये ८४ वॉटचा आय-५ ४५९० प्रोसेसर आहे. ७५ वॉटचे कार्ड, डिस्कसाठी १० आणि मदरबोर्ड, रॅम, पंखा मिळून ३५ वॉट धरले तर बेरीज २०४ होते. २५५ वॉटच्या डब्यात हे मावते आणि एक पंचमांश शिल्लक उरते. आता ७०५० घेऊ. त्यातील आय-५ ७५०० प्रोसेसर ६५ वॉटचा आहे. तेच ७५ वॉटचे कार्ड घातले तर बेरीज १८५ होते, म्हणजे क्षमतेच्या बाहेर. तेथे ३० वॉटचे कार्ड घातले तर बेरीज १४० वर येते आणि एक पंचमांशाहून थोडे अधिक शिल्लक राहते. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु आठवीतल्या विद्यार्थ्यालाही करता येतो. एसएमपीएस जुना असल्याने पंचमांश क्षमता राखून ठेवण्याचा नियम पाळावा.

तिसरी गोष्ट उष्णता. छोट्या पेटीत हवा खेळायला जागा थोडी असते. कार्ड बसवण्यापूर्वी आतली धूळ मऊ ब्रशने काढावी, पंखे मोकळे फिरतात का पाहावे आणि पेटी भिंतीला किंवा कपाटाला चिकटवून ठेवू नये. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी.

चौथी गोष्ट जोडणी. आपल्याकडील अनेक जुन्या मॉनिटरना केवळ निळी व्हीजीए जोडणी असते, आणि आजच्या कार्डांवर ती नसते. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीए काढायचे तर संकेत रूपांतरित करणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याचा खर्च आधीच धरावा.

कोणत्या कामाला कोणते कार्ड

किमती आठवड्यागणिक बदलतात, म्हणून त्या येथे देत नाही. गुणदोष मात्र स्थिर असतात.

जीटी १०३० हे २०१७ साली आलेले कार्ड केवळ ३० वॉटचे आहे आणि लो-प्रोफाइल रूपात सहज आढळते. स्पष्ट व्हिडिओ पाहणे आणि हलके त्रिमितीय काम यांस ते पुरते. परंतु या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे विकली जातात. जीडीडीआर-५ स्मृतीचे कार्ड सेकंदाला ४८ गिगाबाइटची ने-आण करते. २०१८ साली आलेले डीडीआर-४ स्मृतीचे कार्ड केवळ १६.८ गिगाबाइटची. वर सांगितलेल्या रॅमच्या दोन पट्ट्यांचा वेगही याहून अधिक आहे. म्हणून डब्यावरील नाव न वाचता स्मृतीचा प्रकार वाचावा. शिवाय या कार्डात व्हिडिओ तयार करून साठवण्यास मदत करणारा हार्डवेअर विभाग नाही, त्यामुळे व्हिडिओ संपादन शिकणाऱ्याने ते घेऊ नये.

जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ साली आलेले जीटीएक्स १६५० ही दोन्ही ४ गिगाबाइट स्मृतीची, ७५ वॉटची कार्डे आहेत. यांची लो-प्रोफाइल रूपे निघाली, परंतु त्यांतील बहुतेक दोन स्लॉटची जागा घेतात. १६५० च्या काही प्रकारांना वेगळी वीजतार लागते, तो प्रकार टाळावा. आराखडे, संपादन आणि त्रिमितीय रचना शिकण्यास ही कार्डे चांगली आहेत. अभियांत्रिकी कामासाठी बनवलेली एनव्हिडियाची टी४००, टी६०० आणि टी१००० ही कार्डे अनुक्रमे ३०, ४० आणि ५० वॉटची असून एकाच स्लॉटमध्ये मावतात. छोट्या पेटीसाठी ती विशेष सोयीची आहेत. मात्र त्यांवर लहान आकाराचे मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लागतो.

एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२ साली आलेले ५३ वॉटचे कार्ड कागदावर आकर्षक दिसते. पण ते स्लॉटच्या सोळा मार्गांपैकी चारच वापरते. जुन्या संगणकातील तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्या चार मार्गांचा वेग निम्मा होतो, आणि व्हिडिओ साठवण्याचा हार्डवेअर विभाग यातही नाही. २०२४ च्या आरंभी आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ गिगाबाइटचे रूप ७० वॉटचे आहे आणि त्याची लो-प्रोफाइल रूपेही आहेत. परंतु आमचा नियम असा की कार्डाची किंमत संगणकाच्या किमतीहून अधिक होऊ लागली की थांबावे आणि संगणकच बदलण्याचा विचार करावा.

येथे एक तारीख ध्यानात घ्यावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या किंवा सहाव्या पिढीच्या संगणकावर लिनक्स उत्तम चालते. परंतु शिकायचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे आधी पाहावे. अशा संगणकात डीडीआर-३ रॅम घेतली तर ती पुढच्या संगणकात चालणार नाही. कार्ड मात्र पुढे नेता येते. खर्चाची वाटणी करताना हेही कारण मोजावे.

जुने कार्ड घेताना

जुन्या कार्डांच्या बाजारात फसवणूक होते. कालबाह्य कार्डाच्या आतील माहिती बदलून ते १०५० टीआय म्हणून विकले जाते. संगणकही ते नाव दाखवतो. जीपीयू-झेड नावाचे विनामूल्य साधन अशी पुष्कळ बनावट कार्डे ओळखून नावाआधी तसे दर्शवते. म्हणून कार्ड दुकानातच चालवून पाहावे, वीस-पंचवीस मिनिटे त्रिमितीय चाचणी लावून तापमान आणि पंख्याचा आवाज तपासावा आणि परतीची मुदत पावतीवर लिहून घ्यावी.

बसवण्याची रीत

संगणक बंद करून वीजतार काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावावा. अंगावरील स्थिर वीज नाजूक भागांना अपाय करू शकते. स्लॉटमागची पत्र्याची पट्टी काढावी. कार्ड कडेने धरून सरळ रेषेत, दोन्ही टोकांवर सारखा दाब देत, खटका लागेपर्यंत बसवावे. ब्रॅकेट घट्ट करावी. त्यानंतर मॉनिटरची तार मदरबोर्डच्या नव्हे, तर कार्डाच्या जोडणीत घालावी. "कार्ड चालत नाही" या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. चित्र तरीही न आल्यास तार पुन्हा जुन्या जागी लावून निर्मात्याचे अद्ययावत बायोस घालावे आणि त्यातील डिस्प्लेची निवड तपासावी. शेवटी ड्रायव्हर कार्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

हे काम पालकांनी किंवा दुकानदाराने परस्पर न करता विद्यार्थ्याच्या हातून, जाणत्याच्या देखरेखीखाली करून घ्यावे. काढलेला निकामी भाग भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

न घेण्याचा निर्णय

कृत्रिम बुद्धिमत्ता शिकायची म्हणून कार्ड मागणारे विद्यार्थी आता वाढले आहेत. त्यांना आम्ही सांगतो की ४ गिगाबाइटच्या कार्डावर आरंभीचे धडे होतील, त्यापुढे ते लवकरच अपुरे पडेल. गुगल कोलॅबसारख्या सेवेत ब्राउझरमधून मर्यादित वेळ मोठी ग्राफिक्स यंत्रणा विनामूल्य वापरता येते. आरंभ तेथे करावा आणि वाचलेला पैसा इंटरनेट व पुस्तकांवर लावावा. विचारपूर्वक न घेतलेले कार्ड हीसुद्धा यशस्वी पारख आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या कार्यालयातून निघणारे संगणक विद्यालयाला द्यावेत असे आपणांस वाटले, तर यंत्रासोबत त्याचे पूर्ण मॉडेल, एसएमपीएसचे वॉट आणि रॅमचा प्रकार यांची चिठ्ठी जोडावी. तेवढ्या माहितीवर विद्यार्थी पुढचा हिशेब स्वतः मांडतील.

आणि पालकांना एवढेच सांगणे आहे की, "कार्ड हवे" असे मूल म्हणाले तर रागावू नये, लगेच पैसेही काढू नयेत. कागद-पेन्सिल द्यावी आणि विचारावे : अडते कुठे? जागा किती? वीज किती? उष्णता जाणार कुठून? मॉनिटर जोडणार कसा? या पाच प्रश्नांची उत्तरे मोजून लिहून आणणारे मूल त्या पेटीचे मालक झालेले असते. त्यानंतर कार्ड आले तरी चांगले, न आले तरी त्याचे शिक्षण थांबत नाही.